मुलांचा मलेरिया, दोन औषधांची जोडी आणि छपरात खोचलेली पिवळी पट्टी

रानजाई

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. परवा ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला की मुलाचा ताप पहिल्या डोसातच उतरला, आता उरलेल्या गोळ्या कशाला द्यायच्या, उष्ण पडतात ना, आणि मग बसलेच लिहायला.

मी 2014 ते 2016 गडचिरोलीत, भामरागड तालुक्यातल्या एका पीएचसीला मेडिकल ऑफिसर होते. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना सांगते, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडला भेटतात, आणि तेव्हा पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की पलीकडची गावं तुटायची ती कधीकधी चार चार दिवस. मलेरियाचा जोरही नेमका तेव्हाच.

तर ऑगस्टमधली गोष्ट. एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, साडेतीन वर्षांची मुलगी, ताप आणि थंडी. आशाताईने बोट टोचून आरडीके म्हणजे जागच्या जागी होणारी झटपट रक्ततपासणी केली, पीएफ निघालं, म्हणजे फाल्सिपेरम, जीवावर बेतणारा मलेरिया. तिने पिवळी पट्टी काढली. या पट्ट्यांना वयाप्रमाणे रंग असतात, वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, 1 ते 4 ला पिवळी, 5 ते 8 ला हिरवी, 9 ते 14 ला लाल, मोठ्यांना पांढरी. ज्या आशाला वाचायला अडचण येते तीसुद्धा रंगावरून चुकत नाही, फार विचार करून केलेली गोष्ट आहे ही. पिवळ्या पट्टीत आर्टेसुनेटच्या तीन गोळ्या, रोज एक, आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन म्हणजे एसपीची एक, ती पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी वेगळी प्रायमाक्विन. आशाताईने पहिला डोस चमच्यात चुरून, पाणी घालून स्वतः पाजला, अर्धा तास बसून राहिली उलटी होते का बघायला, सगळं नियमाप्रमाणे. मग रात्री जो पाऊस लागला तो लागलाच, नाला भरला, तिला परत जाता आलं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी चिखलातून तिथे पोचलो. पोरगी अंगणात कोंबडीच्या पिल्लांमागे पळत होती. मी सवयीने म्हटलं, रिकामी पट्टी दाखव. आईने चुलीवरच्या छपरात हात घातला आणि कुडाच्या काड्यांत खोचलेली पट्टी काढली, धुराने काळपट झालेली, चिकट. दोन गोळ्या शिल्लक. आशाताईने माडिया बोलीत विचारलं, आईने सांगितलं, हिचा ताप दुसऱ्या दिवशी गेला, या मोठ्यासाठी ठेवल्या, त्याला येतोच दरवर्षी. मोठा सात वर्षांचा.

मला तिच्यावर रागावताच आलं नाही. जी बाई पुढच्या पेरणीसाठी बी राखून ठेवते ती औषधही राखून ठेवणारच. तिच्या हिशोबाने तिने काटकसर केली होती आणि दुसऱ्या लेकराची काळजी घेतली होती.

पण त्या दोन गोळ्या कोणत्या ते बघा. एसपी पहिल्याच दिवशी पोटात गेली. उरल्या त्या दोन्ही नुसत्या आर्टेसुनेटच्या, 50 मिलिग्रॅमच्या. मोठ्याला हिरव्या पट्टीप्रमाणे रोज 100 मिलिग्रॅम तीन दिवस हवं होतं, शिवाय एसपी. त्याला ताप आला असता आणि आईने त्या दिल्या असत्या तर त्याला मिळालं असतं एकटं आर्टेसुनेट, अर्ध्या मात्रेत, दोनच दिवस. आर्टेसुनेट, आर्टेमेथर ही आर्टेमिसिनिन गटातली औषधं, आणि एकट्या आर्टेमिसिनिनच्या तोंडी गोळ्या विकायला आपल्या देशात 2009 पासून बंदी आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2006 लाच जगभरच्या कंपन्यांना सांगितलं होतं की बंद करा. दुकानातून गेलेली तीच गोष्ट अर्ध्या वापरलेल्या पट्टीतून छपरात परत आली होती.

दोन औषधं का, तर साधा हिशोब सांगते. आजारी मुलाच्या अंगात समजा 1000 कोटी परजीवी आहेत, हा काही फार मोठा आकडा नाही. परजीवीचं एक चक्र 48 तासांचं. आर्टेसुनेट इतकं जोरात मारतं की एका चक्रात संख्या दहा हजार पट खाली येते, म्हणजे 1000 कोटीचे 10 लाख. पण ते रक्तातून काही तासांत निघून जातं, म्हणून रोज द्यावं लागतं. तीन दिवस दिलं की दोन चक्रं सापडतात, 10 लाखांचे 100 राहतात. त्या 100 ना संपवायला जोडीदार औषध, जे हळू मारतं पण रक्तात बरेच दिवस टिकतं. आता एकाच दिवशी थांबलात तर? ताप उतरलेला असतो, पोर खेळत असतं, आणि जोडीदाराच्या एकट्याच्या गळ्यात 100 ऐवजी 10 लाख किंवा त्याहून जास्त पडतात. त्या लाखांत एखादा जरी त्या औषधाला न जुमानणारा निघाला तर बाकीचे मरतात आणि रान त्याला मोकळं मिळतं. पुढचा डास तोच उचलतो.

आणि हे मुलांत जास्त का, तर मोठ्या माणसाला वर्षानुवर्षं मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, उरलेसुरले परजीवी शरीर स्वतः साफ करतं. तीन वर्षांच्या पोराकडे ते काहीच नसतं. सगळं काम औषधालाच करायचं असतं.

मीनल_ठाणे

खूप छान समजावलंत, धन्यवाद. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, मुलाला (वय 9) जुलैत मलेरिया झाला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सगळ्या संपवल्या, एकही चुकवली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये परत पॉझिटिव्ह!! सोसायटीत सगळे म्हणतात आता औषधं लागू पडत नाहीत, रेझिस्टन्स आलाय. मला झोप नाही लागत विचार करून. परत तीच औषधं द्यायची का?

काचपट्टी

मीनलताई, रिपोर्टवर काय लिहिलंय, पीव्ही की पीएफ? मी जिल्हा लॅबला टेक्निशियन आहे, रोज काचपट्ट्याच, म्हणजे काचेवर घेतलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो म्हणून विचारतोय.

मीनल_ठाणे

दोन्ही वेळा पी. व्हायव्हॅक्स.

काचपट्टी

मग बहुतेक रेझिस्टन्स नाही, घाबरू नका. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, व्हायव्हॅक्सवर आपल्याकडे ते अजून चांगलं चालतं, पण लिव्हरमधल्या झोपलेल्यांना ते काहीच करत नाही, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागतं, वजनाप्रमाणे 14 दिवस. जुलैत ते दिलं होतं का आणि पूर्ण 14 दिवस झाले का एवढं बघा. नवीन डास चावून नवीन मलेरिया पण होऊ शकतो म्हणा. मात्र प्रायमाक्विन स्वतःहून सुरू करू नका, डॉक्टरांना आधी जी6पीडी बद्दल विचारा, त्या एन्झाइमची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते.

अजून एक, कारण यावरून फार गोंधळ होतो. फाल्सिपेरमची आरडीके उपचार पूर्ण झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, कारण ती परजीवी बघत नाही, त्याने सोडलेलं प्रोटीन बघते. आमच्याकडे लोक आठ दिवसांनी परत टेस्ट करतात, दोन रेघा दिसल्या की औषध फेल म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे, तो तिसरंच औषध देतो. औषध लागू पडलं की नाही हे काचपट्टीवरच कळतं. त्याला पर्याय नाही.

मीनल_ठाणे

5 दिवसांची दिली होती हो ती गोळी!! 14 नाही. आजच जाते डॉक्टरांकडे. खूप खूप आभार.

वाटसरू

लेख आवडला. पण एक विचारतो, हे आर्टेमिसिनिन मुळात वनस्पतीतूनच आलंय ना? मग त्या वनस्पतीचा काढा का नाही चालत? त्यात अनेक घटक असतात, म्हणजे निसर्गानेच कॉम्बिनेशन दिलंय. आमच्याकडे आजी तापाला काडेचिराईत आणि गुळवेल द्यायची, आम्ही सगळे ठणठणीत. आदिवासी भागात तरी असं काही सोपं स्वस्त द्यायला हवं असं मनापासून वाटतं.

रानजाई

वाटसरू, तुमची कळकळ कळते, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. वनस्पती खरीच, चिंगहाओ, आर्टेमिसिया अॅन्युआ. व्हिएतनाम युद्धात सैनिक मलेरियाने मरत होते म्हणून चीनने 23 मे 1967 ला गुप्त प्रकल्प सुरू केला, तारखेवरून नाव 523. त्यातल्या शास्त्रज्ञ तू यूयू बाईंची टीम शेकडो जुने नुस्खे तपासत होती, उकळून काढलेला अर्क कधी चाले कधी नाही. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात सापडलं की मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा, उकळायचा उल्लेखच नाही. त्यावरून त्यांनी ईथरने कमी तापमानात अर्क काढला, 1971 ला तो 191 नंबरचा नमुना यशस्वी झाला आणि 2015 ला नोबेल मिळालं. म्हणजे काढ्याचं उत्तर ज्यांनी शोध लावला त्यांनीच दिलंय.

काढ्यात औषध किती उतरेल ते पानाच्या जातीवर, वाळवण्यावर, उकळण्यावर अवलंबून. परजीवी मरत नाहीत इतकं कमी आणि औषध ओळखतात इतकं पुरेसं, नेमकी ती मात्रा मुलाच्या पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना त्या चहाची आणि काढ्याची शिफारस करत नाही ती यामुळेच. चिराईत-गुळवेलीबद्दल बोलायचं तर तापाची सगळी कारणं मलेरिया नसतात, आजीच्या हाताने उतरलेले ताप कुठले होते ते आता कळणार नाही. पण पीएफ असलेलं मूल सकाळी नुसतं तापलेलं असतं आणि संध्याकाळी झटके येऊन बेशुद्ध होतं. मी हे तीन वेळा पाहिलंय, त्यातलं एक मूल वाचलं नाही. काढा द्या हवा तर, पण बोट टोचून झाल्यावर आणि गोळी पोटात गेल्यावर.

फार्मवाला

यावर थोडं उत्पादनाच्या बाजूने लिहितो, मी 18 वर्षं फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे औषधाची गोळी तयार करण्याच्या कामात आहे. रानजाई म्हणतात ती उरलेल्या गोळ्यांची अडचण सुटते ती एकाच गोळीत दोन्ही औषधं घातली की. पट्टीत दोन वेगळ्या गोळ्या असतील तर आई कडू ती टाकून देऊ शकते, एकाच गोळीत असतील तर निवडायला काही उरतच नाही. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन असंच आहे. ऐकायला सोपं वाटतं पण आर्टेसुनेट आणि अमोडियाक्विन एकत्र आले की बिघडतात, म्हणून 2007 ला आलेली ती गोळी दोन थरांची करावी लागली. आर्टेसुनेट-मेफ्लोक्विनची एकत्र गोळी ब्राझीलमधून तंत्रज्ञान आणून सिप्लाने भारतात बनवली. सिप्ला, इप्का, अजंता या मुंबईतल्या कंपन्यांची कॉम्बिनेशन्स आफ्रिकेतल्या कितीतरी मुलांच्या पोटात जातात, आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. पुण्यात सीरम मध्ये मलेरियाची आर21 लस बनते तिचं तरी नाव झालं.

मुलांसाठी खरी पायरी म्हणजे पाण्यात विरघळणारी गोळी, 2009 ला आली, चेरीची चव. त्याआधी मोठ्यांची गोळी चुरून द्यायची, अर्धी चमच्याला चिकटायची आणि अर्धी थुंकली जायची. आणि 5 किलोच्या खालच्या तान्ह्या बाळांसाठी वेगळी अशी गोळी मंजूर व्हायला 2025 चा जुलै उजाडला, स्वित्झर्लंडमध्ये. तोवर मोठ्या बाळांचीच अंदाजाने देत होते. मला याचं फार वाईट वाटतं, सगळ्यात जास्त मरतात ती लहान मुलं आणि औषधाच्या रांगेत शेवटी तीच.

जिंजाकर

नमस्कार मंडळी, मूळचा सांगलीचा, 11 वर्षं युगांडात जिंजाच्या बाजूला साखर कारखान्यात आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

इथे मलेरिया म्हणजे आपल्याकडे सर्दी तसा. 2023 मध्ये जगात 5 लाख 97 हजार माणसं मलेरियाने गेली, त्यातली 95 टक्के आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतल्यांत चारातली तीन पाच वर्षांच्या आतली मुलं. आकडे वाचायला ठीक असतात, इथे दर पावसाळ्यात कॉलनीतल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी जावं लागतं.

इथे पहिलं औषध आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, सगळे कोआर्टेमच म्हणतात मग कंपनी कुठलीही असो. तीन दिवसांत सहा डोस, दिवसाला दोन, आणि दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या खाण्याबरोबर द्यावं लागतं नाहीतर ल्युमेफॅन्ट्रिन नीट शोषलंच जात नाही. आता तापाने फणफणलेलं दोन वर्षांचं पोर दूध पितं का? आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या मुलाला झाला तेव्हा मी स्वतः पाहिलं, पाण्यावर केलेला पोशो म्हणजे मक्याचं पीठ शिजवलेलं, त्याच्याबरोबर गोळी. माझ्या बायकोने शेंगदाण्याचा कूट घालून पेज करून दिली सहाही डोसांना, संध्याकाळी मोबाइलवर गजर लावून. पोरगा बरा झाला. पण गल्लीतल्या औषधाच्या टपरीवर पैसे नसले की लोक अर्धं पाकीट मागतात आणि मिळतंही, तीन डोसांत ताप गेला की संपलं.

आता मुख्य सांगायचं ते. 2021 ला उत्तर युगांडातून शोधनिबंध आला की आर्टेमिसिनिनला परजीवी उशिरा दाद देतायत. आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या जिंजातलाच आला, गंभीर मलेरियाने अॅडमिट झालेली साधारण 100 मुलं, त्यांना शिरेतून आर्टेसुनेट, 11 मुलांमध्ये परजीवी ठरल्या वेगाने कमी झाले नाहीत. त्या 100 मुलांत कदाचित मी ओळखतो अशा घरातलं कुणी असेल. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मग आता औषध संपलंच का?

काचपट्टी

त्या अभ्यासात काय मोजतात ते सांगतो कारण माझं रोजचं काम तेच आहे. दर काही तासांनी बोटातून रक्त, जाड थेंब, गिम्साचा जांभळा रंग, आणि 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत परजीवी किती दिसले ते मोजायचं. आकडा निम्मा व्हायला किती तास लागले ते बघायचं. 5 तासांच्या वर गेलं की रेझिस्टन्सची शंका. फील्डला एवढं जमत नाही, तिथे एकच साधी खूण, तिसऱ्या दिवशीची काचपट्टी. औषध नीट पोटात जाऊनही तिसऱ्या दिवशी परजीवी दिसत असतील तर लक्ष द्या. माझी तक्रार एवढीच की तिसऱ्या दिवशी ताप नसतो म्हणून पेशंट येतच नाही, लॅबला रक्त द्यायला रांगेत कोण उभं राहणार बरं झाल्यावर.

रानजाई

जिंजाकर, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा, सहाही डोसांना पेज करून देणं हे कुठल्याही गाइडलाइनच्या वरचं काम आहे.

औषध संपलं का, तर नाही. याला अंशतः प्रतिरोध म्हणतात आणि तो शब्द महत्त्वाचा आहे. के13 नावाच्या जनुकात बदल झालेले परजीवी कोवळ्या अवस्थेत, म्हणजे अंगठीसारखे दिसतात तेव्हा, जणू श्वास रोखून बसतात, आणि आर्टेमिसिनिन तर काही तासच रक्तात असतं, ते निघून गेलं की परत वाढायला लागतात. मेले नाहीत असं नाही, हळू मरतात. मघाच्या हिशोबात जिथे चक्राला दहा हजार पट घट होती तिथे ती शंभर पटीपर्यंत येऊ शकते. 1000 कोटीचे 10 कोटी, दुसऱ्या चक्राला 10 लाख. म्हणजे तीन दिवस अगदी पूर्ण औषध घेऊनही जोडीदाराच्या वाट्याला तेवढेच येतात जेवढे भामरागडच्या त्या मुलीत एका दिवशी थांबल्यावर आले असते. जोडीदार दणकट असेल तर तरीही मूल बरं होतं. जोडीदारही ढिला पडला तर मग खरं संकट, आणि कंबोडियात ते झालंय. 2008-09 ला पश्चिम कंबोडियात, पैलिनच्या भागात, आधी आर्टेमिसिनिन मंदावलं, मग त्याचा जोडीदार पिपेराक्विन पडलं, मग तिथे उपचार फेल व्हायला लागले आणि औषधाची जोडी बदलावी लागली.

आफ्रिकेत 2020 ला रवांडात, मग युगांडात, मग एरिट्रियात असे बदल सापडले, आणि ते कंबोडियाहून आलेले नाहीत, तिथेच स्वतंत्रपणे तयार झालेत. आपल्याकडेही 2018 ला कोलकात्यातून असे परजीवी सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. आणि 1973 ला क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम भारतात पहिल्यांदा सापडला तो आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये. पुढे एसपी तिकडे पडायला लागली म्हणून 2013 च्या धोरणात ईशान्येला आर्टेसुनेट-एसपी काढून आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन आणावं लागलं. म्हणजे नुसतं आर्टेमिसिनिन सांभाळून भागत नाही, जोडीदार कोण आहे आणि तो त्या भागात अजून चालतो का हे दर काही वर्षांनी तपासावंच लागतं.

धीर देणारी एक गोष्ट मला नेहमी आठवते. मलावीने 1993 ला क्लोरोक्विन थांबवलं, आफ्रिकेत असं करणारा तो पहिला देश, कारण ते चालेनासं झालं होतं. बारा वर्षांनी ब्लँटायरमध्ये मुलांना परत देऊन पाहिलं तर 80 पैकी एकाच मुलात ते फेल गेलं. आणि त्याच्या जागी आणलेली एसपी? 87 पैकी 71 मुलांत फेल. औषधाचा मारा थांबला की ते बदललेले परजीवी मागे पडले आणि साधे परत आले. म्हणून तीन औषधं एकत्र करून पाहतायत, आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनबरोबर अमोडियाक्विन वगैरे, आणि गॅनाप्लासाइड नावाचं अगदी नवं औषध ल्युमेफॅन्ट्रिनबरोबर मोठ्या चाचणीत चांगलं उतरलंय. पण ते टपरीपर्यंत पोचेपर्यंत आहे ती जोडी टिकवायची आहे.

फार्मवाला

मलावीचा मुद्दा माहीत नव्हता. 87 पैकी 71, बापरे.

गुरुजी_कोरची

मी फारसा लिहीत नाही पण रोज वाचतो. गडचिरोलीतच आश्रमशाळेत शिक्षक आहे, निवासी शाळा. तुमची छपरातली पट्टी वाचली आणि त्या रात्री झोपलोच नाही कारण आमची मुलं दिवाळीहून परत आली की पेटीत काय काय घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं, घरून आणलेल्या गोळ्या असतील तर माझ्याकडे द्या, कुणाला रागावणार नाही. सहा पट्ट्या जमल्या. पॅरासिटामॉलच्या तीन, एक कुठलीशी खोकल्याची, आणि दोन पिवळ्या. त्यातली एक सहावीतल्या मुलाची, दोन गोळ्या होत्या, एक काल खाल्ली म्हणाला. धाकट्या बहिणीच्या उरलेल्या आईने दिल्या, ताप आला की घे म्हणून. म्हटलं काल ताप होता का, तर म्हणाला परवापासून आहे, सांगितलं नाही कारण हॉलीबॉलच्या टीममधून काढतील.

रानजाई

गुरुजी, त्याला आजच काचपट्टी. आरडीके केली तरी काचपट्टी हवीच. आणि एक पिवळी गोळी आधीच पोटात गेलीय हे आरोग्यसेवकाला नक्की सांगा. तो 11-12 वर्षांचा असेल तर त्याला लाल पट्टी लागेल, त्या पिवळीचा त्याला काही उपयोग नाही. झापड, सतत उलटी, झटके, काळी लघवी यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय.

गुरुजी_कोरची

रक्त घेतलं, पीएफ निघालं. काल लाल पट्टी सुरू केली, पहिला डोस सिस्टरने दिला. आज सकाळी पेज पिऊन दुसऱ्या दिवसाची माझ्यासमोर घेतली, प्रायमाक्विन पण दिलं. ताप नाही, मैदानावर जाऊ का विचारत होता. उद्या तिसरी, पट्टी माझ्या कपाटात आहे. तिसऱ्या दिवशीची काचपट्टी घ्यायला सिस्टर येते म्हणाली.

काचपट्टी

गुरुजी, त्या काचपट्टीचं काय आलं ते इथे लिहा. वाट बघतोय.

गुरुजी_कोरची

निगेटिव्ह.